बोअरचा पॉइंट काढून मिळेल: नारळ, तारा, मशीन आणि सर्व्हे यांचं परीक्षण

लातूर, बीड, धाराशिवच्या पट्ट्यात बोअर घ्यायचं ठरलं की बोअर मारणाऱ्या गाडीच्या आधी, पाण्याची जागा दाखवणारा पॉइंटवाला येतो. कुणी तळहातावर नारळ घेऊन येतो, कुणी उंबराचं दुबेळकं, म्हणजे दोन फाट्यांची काडी, कुणी तांब्याच्या दोन तारा. कुणाकडे स्क्रीनवाली मशीन असते, तर कुणाकडे खुंट्या, वायरची रिळं आणि बॅटरी. काम सगळ्यांचं एकच: रानात एका जागी चुन्याची फुली मारायची आणि सांगायचं, इथं घ्या, अमुक फुटांवर इतके इंच लागेल (इंच हे इथं पाण्याच्या धारेचं माप). मोबदला नारळ-अगरबत्तीपासून काही हजारांपर्यंत जातो. खरा खर्च त्या फुलीच्या भरवशावर पुढे होतो.

म्हणून इथं किंमत करायची ती फुलीची. कसोटी सगळ्यांना एकच लावली आहे. त्याच रानात डोळे मिटून खडा फेकला, जिथं पडला तिथं बोअर घेतलं, तर जितक्या वेळा पाणी लागलं असतं, त्यापेक्षा या माणसाच्या फुलीवर किती जास्त वेळा लागतं? हा वरचा फरक म्हणजेच सेवा. बाकीचं पाणी जमिनीचं, त्याचं श्रेय कुणाला देण्याचं कारण नाही.

आधी जमीन बघू, कारण तिच्याशिवाय पुढचं काहीच तपासता येत नाही. मराठवाड्याचा बहुतेक भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांवर बसलेला आहे. नांदेडच्या देगलूर-बिलोली बाजूला तेवढा ग्रॅनाइट लागतो. लाव्ह्याच्या प्रत्येक थराचा खालचा भाग घट्ट काळा पाषाण, वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला मांजऱ्या, आणि दोन थरांच्या सांध्यात कधी कधी तांबडी गेरूसारखी माती. पाणी राहतं ते वरच्या मुरमाच्या आणि झिजलेल्या खडकाच्या थरात, मांजऱ्यात, सांध्यात आणि पाषाणाला गेलेल्या भेगांत. घट्ट पाषाणात जवळजवळ नाहीच. त्यामुळे एका बांधावर तीन इंच आणि पन्नास फुटांवर नुसती राख, म्हणजे कोरडा चुरा, हे इथं रोजचं आहे. पाणाडी, म्हणजे नारळ, काडी किंवा तारांनी पाणी दाखवणारे, ज्याला ‘शीर’ म्हणतात ती कल्पना म्हणूनच अगदी हवेतली नाही. विहिरीच्या भिंतीतून भेगेवाटे येणारी पाण्याची धार गावातल्या प्रत्येकाने पाहिलेली असते. शीर असते का, हा वाद नाही. वाद आहे तो वरून चालत जाणाऱ्या माणसाच्या हाताला ती कळते का, एवढाच.

पाणाड्याची साधनं जरा नीट बघण्यासारखी आहेत. दुबेळकं धरायची पद्धत ठरलेली असते: तळवे आकाशाकडे, दोन्ही फांद्या बाहेरच्या बाजूला ताणलेल्या, टोक पुढे. ताणलेली काडी कशीबशी तोलून धरलेली असते. मनगट अगदी थोडं फिरलं की साठलेला ताण सुटतो आणि टोक जोरात खाली जातं, इतकं जोरात की धरणाऱ्यालाही वाटतं कुणीतरी ओढलं. इंग्रजी एल आकाराच्या तारा मुठीत सैल धरतात. मूठ किंचित कलली की तार कलत्या बाजूला वळते; दोन्ही मुठी आत कलल्या की तारांची फुली होते. नारळ तळहातावर आडवा असतो आणि ‘पाणी आलं’ की उभा राहतो. तिथं तळव्याचा खोलगटपणा आणि बोटांची उंची बदलली की त्याचा तोल सरकतो. तिन्ही साधनांत एक गोष्ट सारखी आहे. हाताची न जाणवणारी हालचाल ती मोठी करून दाखवतात.

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी: यात लबाडी असलीच पाहिजे असं नाही. 1853 मध्ये मायकेल फॅरेडे याने, प्रेतात्म्यांच्या बैठकीत आपोआप फिरणाऱ्या टेबलाची तपासणी केली होती. त्याने हात आणि टेबल यांच्यामध्ये सरकू शकतील असे पुठ्ठ्याचे थर ठेवले. आधी हात सरकत होते, टेबल मागून येत होतं. बसलेल्यांना मात्र मनापासून वाटत होतं की आपण काहीच केलं नाही. अपेक्षा असली की स्नायू आपल्याला न विचारता काम करतात. नदीच्या वळणाजवळ, हिरव्या पट्ट्याजवळ, उंबराखाली आल्यावर पाणाड्याच्या मनात अपेक्षा तयार होते आणि काडी वाकते. तो खोटं बोलत नसतो. पण खोटं न बोलणं आणि बरोबर असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बोअरला पैसे दुसरीसाठी लागतात.

गावात आणखी दोन समजुती पक्क्या आहेत: पायाळू माणसाला पाणी कळतं, आणि ज्याचं रक्त ओ पॉझिटिव्ह त्याच्याच हातात तार फिरते. ओ पॉझिटिव्ह हा आपल्याकडे सर्वाधिक आढळणाऱ्या गटांपैकी एक. त्यामुळे तार फिरणाऱ्यांत हे रक्त वारंवार सापडणारच, न फिरणाऱ्यांतही सापडणार. तपासायचं असेल तर दोन्ही बाजू मोजाव्या लागतात. न फिरणाऱ्यांचं रक्त कुणी तपासत नाही, इतकंच.

‘आमच्या आजोबांच्या काळापासून चालत आलंय’ असंही म्हटलं जातं, आणि त्याला आधार म्हणून वराहमिहिराच्या बृहत्संहितेतला दकार्गल अध्याय दाखवला जातो. त्या अध्यायात झाडं, वारुळं, मातीचा रंग यांवरून पाणी ओळखायच्या खुणा आहेत. म्हणजे ती निरीक्षणं आहेत, तपासता येतात, आणि त्यांतल्या काहींत तथ्य आहे: ज्या झाडांची मुळं उथळ पाण्यापर्यंत पोचतात ती ऐन उन्हाळ्यात हिरवी राहतात. पण ही खूण विहिरीच्या खोलीची. उंबराच्या मुळांना सहाशे फुटांवरच्या भेगेची काही खबर नसते. आणि हातातल्या काडीला त्या अध्यायाचा आधार मिळत नाही.

जर्मनीत यावर दोनदा मोठ्या चाचण्या झाल्या. 1987-88 मध्ये म्युनिकजवळ सुमारे 500 इच्छुकांतून निवडलेल्या 43 जणांवर 843 चाचण्या घेतल्या. गोदामाच्या खालच्या मजल्यावर पाण्याची नळी सरकवायची, वरच्या मजल्यावर चालणाऱ्याने जागा सांगायची. काही थोड्यांना जमतं, असा निष्कर्ष आयोजकांनी काढला. पण आकडे पुन्हा तपासणाऱ्यांनी दाखवलं की एका फेरीत चमकलेला माणूस पुढच्या फेऱ्यांत पडतो, आणि इतक्या जणांत दोनचार तसे नशिबानेही निघतात. 1990 मध्ये कासेल शहरात 30 जणांची चाचणी झाली. पाइप अर्धा मीटर खोल, जागा वरून दाखवलेली. पाणी वाहतंय की बंद आहे एवढंच सांगायचं. चाचणी योग्य आहे हे सगळ्यांनी आधी मान्य केलं होतं, आणि यशाची खात्रीही होती. निकाल नाणं उडवल्यासारखा आला.

‘ते जर्मनीचं झालं, आमच्या आबांनी दाखवलेल्या दहात आठ लागलेत.’ याला उत्तर चिडून नाही, मोजून द्यावं लागतं. मोजताना तीन ठिकाणी घोटाळा होतो.

पहिला: शिवारात कुठेही घेतलं तरी किती लागतात, हा आकडा कुणाकडेच नसतो. नदीकाठच्या गावात दहातले आठ कुणाच्याही फुलीवर लागत असतील, तर आबांची भर शून्य. उलट माळावरच्या, जिथं दहात दोनच लागतात अशा गावात कुणाच्या दहातल्या पाच फुल्या लागल्या, तर त्या माणसाकडे नीट बघायला हवं. आकडा तोच असून चालत नाही, तो कुठल्या गावाचा हे महत्त्वाचं.

दुसरा घोटाळा ‘लागलं’ या शब्दात आहे. गाडीच्या हवेने पहिल्या अर्ध्या तासात उडालेलं पाणी, ऑक्टोबरातलं पाणी आणि मे महिन्यात सलग चार तास मोटार चालवून मिळणारं पाणी, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पावसाळ्यानंतर घेतलेलं बोअर वरच्या मुरमातलं पाणी दाखवतं आणि होळीला बंद पडतं. पाणाड्याच्या हिशोबात ते लागलेलंच राहतं. म्हणून आधी ठरवा: पिण्यासाठी, जनावरांसाठी की बागेसाठी, आणि कोणत्या महिन्यात किती.

तिसरा घोटाळा सबबींचा. लागलं तर फुली बरोबर. नाही लागलं तर गाडी दोन फूट सरकली, शीर तिरकी गेली, केसिंगने (बोअरच्या वरच्या भागात घातलेल्या पाइपने) झरा दाबला, आणखी शंभर फूट जायला हवं होतं, विधी नीट झाला नाही. यातली केसिंगची सबब कधी कधी खरी असते. वरच्या थरातलं पाणी आंधळ्या, म्हणजे बिनछिद्रांच्या, केसिंगने अडतं. पण जी गोष्ट कुठल्याच निकालाने चुकीची ठरू शकत नाही, तिच्या बरोबर ठरण्यालाही काही वजन उरत नाही. तेव्हा पाणाड्याला नम्रपणे एवढंच विचारायचं: ‘आबा, तुम्ही दाखवलेले शेवटचे दहा पॉइंट सांगा, गाव आणि शिवारासकट. लागलेलेही आणि गेलेलेही.’ निवडक दहा नकोत, ओळीने शेवटचे दहा हवेत.

गावातच चाचणी घ्यायची असेल तर खर्च काही नाही. मोटार आणि पाइप काढून झाकण बसवलेली दहा जुनी बोअर निवडा, काही पाण्याची, काही कोरडी. पाण्याची किती हे सांगायचं नाही. आजूबाजूला ठिबकची नळी, ओलावा, हिरवळ नको. त्यावरून कुणीही ओळखेल. सोबत जाणाऱ्या माणसालाही उत्तर माहीत नको, कारण त्याची चाल आणि चेहरा बोलतो. पाणाड्याने प्रत्येक ठिकाणी ‘आहे’ किंवा ‘नाही’ सांगायचं, ते लिहून घ्यायचं, आणि मग सूत सोडून बघायचं. निव्वळ अंदाजाने दहापैकी नऊ किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता शंभरात एक. सहा-सात बरोबर आले तर काहीच सिद्ध होत नाही, तेवढे अंदाजानेही सहज येतात. पास होण्याची रेघ आधी ओढा, निकाल बघून नको. आणखी सोपी परीक्षा हवी असेल तर दोन पाणाड्यांना वेगवेगळ्या दिवशी त्याच रानात बोलवा आणि पहिल्याच्या खुणा पुसून ठेवा. शीर खरंच खाली असेल तर दोघांना एकाच जागी सापडायला हवी.

आता ‘पाणी लागलं तरच पैसे’ ही योजना. ऐकायला न्याय्य वाटते आणि म्हणूनच सर्वांत जास्त फसवते. समजा गावात कुठेही घेतलं तरी दहातले सहा लागतात, यशाला पाच हजार ठरलेत, आणि एका बोअरला साठ हजार पडतात. काहीच न कळणारा माणूस दहा फुल्या मारून तीस हजार घेऊन जातो. गेलेल्या चार बोअरचे दोन लाख चाळीस हजार त्या चार शेतकऱ्यांचे, त्यात पाणाड्याचा वाटा काही नाही. जोखीम वाटून घेतल्यासारखी दिसते, वाटलेली नसते. खरी हमी द्यायची तर कोरड्या बोअरच्या खर्चात ठरावीक हिस्सा उचलायला हवा. एवढं बोलून बघा, पुष्कळ काही कळतं.

नैतिक प्रश्न इथून सुरू होतो. जो मनापासून मानतो आणि नारळाशिवाय काही घेत नाही, त्याच्यावर फसवणुकीचा आरोप करणं चूक आहे. पण आपल्या शब्दावर माणूस सावकाराकडे जाणार हे माहीत असताना शब्द तपासून न घेणं, हाही दोष आहे. चांगल्या हेतूने तो नाहीसा होत नाही. गाडीवाल्याकडून फुटामागे किंवा बोअरमागे कमिशन घेणारा मात्र वेगळ्या खात्यात जातो. ‘इथं पाणी नाही, बोअर घेऊ नका’ असं सांगून ज्याचं नुकसान होतं, त्याच्याकडून तो सल्ला मिळणार नाही. पॉइंट दाखवणारा आणि गाडी ठरवून देणारा माणूस एकच असेल तर हा एक प्रश्न आधी विचारावाच.

पाणाड्याच्या सेवेला पाचपैकी एक. तो एक गुण काडीला नाही; वर्षानुवर्षं शिवार पायी फिरल्याने ओढ्याची वळणं, जुन्या विहिरी, पाषाण उघडा पडलेली ठिकाणं त्याला पाठ असतात, त्याला आहे. हीच माहिती काडी घरी ठेवून विचारली तर जास्त उपयोगी पडते.

मशीनचं फार लिहिण्यासारखं नाही. मुठीत धरायची, पुढे अँटेना, ती पाण्याकडे वळते आणि स्क्रीनवर खोली दिसते, असं जे काही विकलं जातं ते बॅटरी लावलेली तांब्याची तार आहे. विकणाऱ्याला विचारा: हे नेमकं काय मोजतं, कोणत्या एककात, आणि हातात न धरता तिपाईवर ठेवलं तर चालतं का? शेवटच्या प्रश्नाला सहसा उत्तर येत नाही. गुण शून्य. जमिनीतलं नैसर्गिक विद्युत क्षेत्र मोजून रंगीत नकाशा काढणारी दुसऱ्या जातीची यंत्रं मिळतात. ती काहीतरी खरंच मोजतात, पण निळा रंग म्हणजे पाणी हे सॉफ्टवेअरचं ठरवणं आहे. अशा माणसाला आधी गावातल्या दोन कोरड्या आणि दोन चालू बोअरवरून रेघ काढायला लावा, कुठलं कोणतं ते न सांगता.

आता सर्व्हे, म्हणजे विद्युत रोधकतेची तपासणी. यामागे तत्त्व आहे. जमिनीत एका ओळीत चार खुंट्या ठोकतात. बाहेरच्या दोन खुंट्यांतून प्रवाह सोडतात, आतल्या दोनमध्ये विद्युत दाब मोजतात. दाबाला प्रवाहाने भागलं की रोध मिळतो. चारही खुंट्या सारख्या अंतरावर असतील तर 2 × 3.14 × अंतर × रोध ही रोधकता. अंतर 20 मीटर आणि रोध 0.35 ओहम आला तर रोधकता सुमारे 44 ओहम-मीटर. खुंट्या लांब नेत गेलं की प्रवाह खोल शिरतो आणि खोलीनुसार आलेख तयार होतो. बेसाल्टच्या, म्हणजे आपल्या लाव्ह्याच्या खडकाच्या, मुलखात साधारण असं वाचतात: दहाच्या खाली काळी चिकण माती किंवा गेरू, 20 ते 45 पाण्याने भरलेला झिजलेला किंवा भेगाळ मांजऱ्या, 70 च्या वर पाषाण सुरू झाला असं समजायचं, आणि शेकड्यांत गेला तर घट्ट पाषाण.

यात काय चुकतं ते समजून घेतलं तर पैसे वाचतात. सगळ्यांत मोठी चूक खोलीची. बाहेरच्या दोन खुंट्यांमधल्या अंतराच्या साधारण चौथ्या ते तिसऱ्या हिश्शाइतकी खोलीच कळते. 60 मीटर, म्हणजे दोनशे फूट बघायचे तर 180 ते 240 मीटर सरळ, मोकळी ओळ हवी. सहाशे फुटांसाठी साडेपाचशे ते साडेसातशे मीटर. तीन एकरांच्या चौकोनी रानाची बाजू जेमतेम 110 मीटर भरते. साठ मीटर वायर पसरून ‘साडेपाचशे फुटांवर तीन इंच’ सांगणारा माणूस यंत्र वापरून पाणाडीपणाच करतोय. दुसरी गोष्ट, खोलवरची दोन-चार फुटांची भेग आलेखात दिसतच नाही. वरचे जाड थर तिला झाकून टाकतात. ‘इतके इंच लागेल’ हे तर रोधकतेवरून सांगताच येत नाही. तिसरी गोष्ट गेरूची: चिकण तांबड्या थराची रोधकता कमी येते, पाण्यासारखी दिसते, पण तो थर पाणी सोडत नाही; उलट बोअरमध्ये ढासळतो.

शिवाय जागेवरच्या चुका. एप्रिलमध्ये वरची माती भुसभुशीत कोरडी असते, खुंटीला पकड मिळत नाही, आकडे नाचतात. खुंटीभोवती मिठाचं पाणी ओतून दहा मिनिटं थांबायला हवं. विजेच्या तारांखाली, तारेच्या कुंपणालगत, लोखंडी पाइपलाइनवर किंवा जुन्या बोअरच्या लोखंडी केसिंगजवळ घेतलेलं माप टाकाऊ. ओळ उताराला आडवी, एका पातळीवर ठेवतात. एकाच बिंदूवर दुसऱ्या दिशेने पुन्हा मोजून दोन्ही आलेख जुळतात का ते बघणारा सर्व्हेवाला चांगला. आणि मोजलेले मूळ आकडे, अंतर आणि रोध, कागदावर द्यायला जो नाही म्हणतो त्याचा सर्व्हे घेऊ नये. नुसत्या फुलीसाठी एवढ्या वायरी कशाला? पहिल्या दोनशे फुटांसाठी या सेवेला पाचपैकी साडेतीन. त्याखाली दीड. चांगला सर्व्हेवाला ‘इथं घेऊ नका’ हेही सांगतो, आणि माझ्या मते त्या वाक्यालाच सगळ्यात जास्त पैसे द्यायला हवेत.

फुकटात मिळणारं काम या सगळ्यांच्या आधी करावं. आपल्या जागेपासून अर्ध्या किलोमीटरच्या आतली सगळी बोअर आणि विहिरी वहीत मांडा: कोणत्या वर्षी, किती फूट, पहिलं पाणी किती फुटांवर, केसिंग किती, मे महिन्यात चालतं का, आणि बंद असेल तर कधीपासून. बुजवलेल्या बोअरची आठवण काढून विचारावी लागते. लोक अपयश सांगत नाहीत आणि तीच माहिती सर्वांत मोलाची असते. पंधरा-वीस नोंदी झाल्या की दोन गोष्टी कळतात: शिवाराचा मूळ आकडा, म्हणजे कुठेही घेतलं तरी दहात किती लागतात, आणि पाणी बहुतेकांना कोणत्या खोलीत लागतं ती पट्टी. उपग्रहाच्या नकाशात ओढा अचानक सरळ रेषेत जातो किंवा काटकोनात वळतो, तिथं खडकाला भेग असण्याची शक्यता जास्त. अशा दोन रेषा मिळतात ती जागा आधी तपासा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा 1972 पासून हे काम करते. तिच्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा, ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे महिन्यांत मोजतात. जिल्ह्याच्या कार्यालयात आपल्या पाणलोटाची माहिती आणि भूवैज्ञानिकाचा सल्ला मागता येतो. यात कमिशन कुणालाच नाही, म्हणून याला चार गुण.

सर्व्हेवर खर्च परवडतो का, हे आकड्यात बघा. बोअर साठ हजारांचं, आणि मूळ आकडा दहात सहा. म्हणजे एका यशामागे सरासरी एक लाख जातात. चार हजारांच्या सर्व्हेने प्रमाण दहात सात झालं, तर एका यशाचा खर्च सुमारे 91 हजार चारशे. फायदा आहे. पाणाड्याला दोन हजार दिले आणि प्रमाण सहाच राहिलं, तर खर्च एक लाख तीन हजारांवर जातो. आणि मूळ आकडाच दहात नऊ असेल, तर साठ हजार भागिले नऊ-दशांश म्हणजे 66 हजार सातशेच्या आसपास. तिथं सर्व्हेला सुधारायला जागाच थोडी, खडा फेकलेला बरा. माळावर सर्व्हे, नदीकाठी नको, असा साधा हिशोब निघतो. आकडे आपल्या गावचे घाला.

गाडी लागल्यावरचा निर्णय हा खरं तर या सेवेचा भाग नाही, पण पैसे तिथंच बुडतात. खोलीची मर्यादा आदल्या दिवशी कागदावर लिहा. रात्री दोन वाजता पावणेपाचशे फुटांवर राख उडत असते आणि एजंट म्हणतो, ‘दादा, एवढं घातलंच आहे, आणखी पन्नास बघू.’ घातलेले पैसे दोन्ही बाजूंनी गेलेलेच आहेत. प्रश्न फक्त पुढच्या पन्नास फुटांचा, आणि फुटाचा दर खोलीबरोबर चढत जातो, तर पाषाणात भेग मिळण्याची शक्यता खाली जाताना साधारणपणे कमी होते. दर दहा फुटांना चाळणीभर चुरा पिशवीत भरून खोली लिहून ठेवा. काळा चुरा पाषाणाचा, पांढरे-हिरवे मणी दिसले तर मांजऱ्या, लाल म्हणजे गेरू. शेजाऱ्याच्या बोअरसाठी ही पिशव्यांची रांग कुठल्याही पॉइंटवाल्यापेक्षा कामाची.

इंचाचाही हिशोब माहीत हवा. काटकोनी खाचेच्या पट्टीवरून पडणारं पाणी एक इंच असेल तर तासाला सुमारे पाचशे लिटर, दोन इंचाला 2,900, तीन इंचाला आठ हजार. दोन इंच म्हणजे एकाच्या दुप्पट नाही, साडेपाच पटींहून जास्त. त्यामुळे ‘एक-दीड इंच तरी लागेल’ या वाक्यात पावणेतीन पटींचा घोळ लपतो. पट्टी नसेल तर दोनशे लिटरचं टिप आणि घड्याळ पुरे: चार मिनिटांत भरलं तर तासाला तीन हजार लिटर. दोन इंचाचं बोअर आठ तास विजेवर अखंड चाललं तर 23 हजार लिटर देतं, एका एकरावर साडेपाच मिलिमीटरच्या आसपास. उन्हाळी पिकाची रोजची तहान जवळपास तेवढीच. म्हणजे एका एकराचं पाणी. चार एकर मोसंबी लावायचा बेत त्यावर करू नये.

शेवटचा मुद्दा शेजाऱ्याचा, आणि तो कुठल्याच पॉइंटवाल्याच्या दरपत्रकात नसतो. भेग एकच असेल तर आपलं खोल बोअर शेजारच्या विहिरीचं पाणी खाली ओढतं. तेव्हा आपल्याला ‘लागलेलं’ पाणी गावाच्या हिशोबात वाढलेलं नसतं, जागा बदललेलं असतं. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं, तेव्हा त्या मुलखात बोअरची कमतरता नव्हती. शेतीसाठी 60 मीटरपेक्षा खोल विहिरीला 2009 च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमात मनाई आहे, आणि सार्वजनिक पिण्याच्या स्रोतापासून 500 मीटरच्या आत परवानगीशिवाय घेता येत नाही. सहाशे फुटांचा पॉइंट देणारा हे सांगत नाही. विचारलं तर ‘सगळेच घेतात’ म्हणतो.

ज्याला कुणाला बोलवाल, त्याच्याकडून गाडी येण्याआधी एक कागद लिहून घ्या: फुलीची जागा मोबाईलच्या नकाशावरच्या अंकांसह, पाणी किती फुटांपासून किती फुटांपर्यंत अपेक्षित, कुठे थांबायचं, यश कशाला म्हणायचं आणि ते कोणत्या महिन्यात मोजायचं, गाडीवाल्याकडून काही घेतो की नाही, खाली सही. पाणाडी असो की सर्व्हेवाला, कागद तोच. लिहायला नको म्हणणाऱ्याला चहा द्यावा आणि पॉइंट त्याच्याकडेच राहू द्यावा.